दोन मिनिटांचा निरोप आणि ११७ वर्षांचा गुडघा

जेवण पोटात गेलं की आतड्यातून जीएलपी-१ नावाचं एक संप्रेरक रक्तात सुटतं. तीस अमिनो आम्लांची ही छोटीशी माळ, म्हणजे पेप्टाइड. स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगायचं आणि मेंदूला पोट भरल्याचं कळवायचं, हे तिचं काम. सुटल्यापासून दोनेक मिनिटांत तिच्यातला निम्मा माल मोडून गेलेला असतो. त्याच शरीरात, दोन-अडीच फूट खाली, गुडघ्याच्या हाडांच्या टोकांवर पांढरी, गुळगुळीत कूर्चा असते आणि तिचा सांगाडा असतो कोलॅजेनचा. हे कोलॅजेन किती वर्षांत निम्मं बदलतं, याचा हिशोब नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००० साली मांडला. उत्तर आलं ११७ वर्षं. त्याच पद्धतीने मोजलं तर कातडीतल्या कोलॅजेनला लागतात फक्त १५ वर्षं.

११७ वर्षांची मिनिटं होतात सव्वासहा कोटींच्या आसपास. त्याला दोनने भागा. निरोप देणाऱ्याचं आयुष्य आणि ज्याच्यासाठी निरोप जातो त्या मालाचं आयुष्य, यांत तीन कोटी पटींचा फरक आहे. झिजेच्या संधिवातावर पेप्टाइड संप्रेरकांचा इलाज शोधणाऱ्यांच्या वाटेत गेली कित्येक वर्षं हाच आकडा आडवा पडलेला आहे, असं माझं मत आहे.

आता हा गुडघा नायगावात नेऊ. नांदेडहून देगलूर-हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे तालुक्याचं गाव. भोवती कापूस, सोयाबीन, तूर. समजा, १९५५ साली इथल्या एखाद्या शिवारात जन्मलेली एक बाई आहे. आपण तिला आजी म्हणू. ती जन्मली तेव्हा नांदेड जिल्हा हैदराबाद राज्यात होता. ती वर्षाची झाली तेव्हा तो मुंबई राज्यात आला, पाच वर्षांची झाली तेव्हा महाराष्ट्रात. आणि १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा ती सतरा वर्षांची, दुष्काळी कामावर उकिडवी बसून खडी फोडणारी.

या आजीच्या गुडघ्यातलं कोलॅजेन कधी तयार झालं, हे सांगता येतं आणि तेही अणुबॉम्बच्या मदतीने. १९५५ ते १९६३ या काळात अमेरिका, सोव्हिएत रशिया आणि ब्रिटनने उघड्या हवेत इतके अणुस्फोट केले की उत्तर गोलार्धाच्या हवेतला कार्बन-१४ जवळपास दुप्पट झाला. १९६३ च्या बंदी करारानंतर तो हळूहळू उतरत गेला. झाडं हवेतला कार्बन घेतात, माणसं झाडं खातात, त्यामुळे त्या काळात शरीरात जे काही घडलं त्यावर त्या वर्षाचा शिक्का बसला. डेन्मार्कच्या कॅट्या हाइनमायर आणि सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या कूर्चेतला हा शिक्का वाचला आणि २०१६ मध्ये निष्कर्ष छापला: कूर्चेतलं कोलॅजेन लहानपणी आणि पौगंडावस्थेत तयार होतं, त्यानंतर त्याचं नूतनीकरण जवळजवळ होतच नाही. निरोगी गुडघ्यात नाही आणि झिजलेल्या गुडघ्यातही नाही. म्हणजे ११७ हा आकडासुद्धा उदारच म्हणायचा.

तेव्हा आजीच्या गुडघ्यात आहे ती साठच्या दशकातली मराठवाड्याची ज्वारी. कदाचित थोडा शेवटचा थर दुष्काळातल्या सुकडीचा आणि अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोचाही असेल. त्यानंतर तिने पन्नास वर्षं जे काही खाल्लं, त्यातलं या सांगाड्यात फारसं काही पोचलेलं नाही. कातडी बदलली, रक्त कितीतरी वेळा बदललं, हाडंसुद्धा बरीच नवी झाली. गुडघ्यातला हा दोन-चार मिलिमीटरचा थर मात्र तोच.

त्यावर पडलेला भार काढून पाहू. बर्लिनमधल्या संशोधकांनी कृत्रिम गुडघ्यात मोजणी यंत्रं बसवून माणसांना चालवलं. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे २.६ पट बल येतं, जिना चढताना ३.२ पट, उतरताना ३.५ पट. आजीचं वजन ४८ किलो धरलं तर प्रत्येक पावलाला सव्वाशे किलो. दिवसाला सहा हजार पावलं, म्हणजे एका गुडघ्याच्या वाट्याला तीन हजार. शेतावर राबणाऱ्या बाईसाठी हा आकडा कमीच आहे. दिवसाचे झाले पावणेचारशे टन. पन्नास वर्षांत साडेपाच कोटी पावलं आणि ६८ लाख टन, एका गुडघ्यावर. यात डोक्यावरची घागर धरलेली नाही, कडेवरचं पोर धरलेलं नाही आणि निंदणी-खुरपणीचं तासन् तास उकिडवं बसणंही धरलेलं नाही.

एवढा भार पेलणाऱ्या या मालाची देखभाल करायला किती मजूर आहेत? प्रौढ माणसाच्या गुडघ्यातली सगळी कूर्चा गोळा केली तर साधारण २० मिलिलिटर भरते. एका घन मिलिमीटरमध्ये दहा हजारांच्या आसपास कूर्चापेशी असतात. गुणाकार केला की एका गुडघ्यात होतात २० कोटी पेशी. आकडा मोठा वाटतो खरा, पण शरीरात एकूण पेशी तीस लाख कोटींच्या घरात आहेत आणि हाडातला मगज तांबड्या रक्तपेशी बनवतो त्या दर सेकंदाला वीस लाखांहून जास्त. म्हणजे अख्ख्या गुडघ्याची जेवढी कुमक, तेवढ्या पेशी मगज दीड-पावणेदोन मिनिटांत तयार करून मोकळा होतो. गुडघ्याला मात्र बहुतांशी त्याच २० कोटींवर जन्म काढायचा असतो.

या पेशी कूर्चेच्या आकारमानाचा फार तर एक-दोन टक्के भाग व्यापतात. बाकी सगळं त्यांनी विणलेलं जाळं आणि त्यात अडकलेलं पाणी. वजनाने पाहिलं तर ७० टक्क्यांवर पाणीच. कोलॅजेनचा एक रेणू म्हणजे तीन पदरांचा पीळ, प्रत्येक पदरात हजारेक अमिनो आम्लं, लांबी ३०० नॅनोमीटर. गुडघ्यात असं कोलॅजेन भरतं तीन-साडेतीन ग्रॅम. रेणू मोजले तर एकेका पेशीच्या वाट्याला तीन हजार कोटींहून जास्त येतात. या पेशींपर्यंत ना रक्तवाहिनी जाते, ना चेता. त्यांना अन्न, प्राणवायू आणि निरोप मिळतात ते सांध्यातल्या द्रवातून झिरपत झिरपत. हा द्रवही निरोगी गुडघ्यात अर्ध्या मिलिलिटरपासून चारेक मिलिलिटरपर्यंतच असतो. ‘गुडघ्यातलं ग्रीस संपलं’ असं बाजारात सर्रास ऐकू येतं, दवाखान्यातही. प्रत्यक्षात झिजलेल्या आणि सुजलेल्या गुडघ्यात पाणी बहुतेकदा वाढलेलं असतं.

इथे थोडं थांबून औषधाच्या दुकानातल्या डब्याकडे पाहू. कोलॅजेन पेप्टाइडची पूड, रोज दहा ग्रॅम, दुधातून. एका मापात जवळजवळ तीन गुडघ्यांचं कोलॅजेन आलं! पण पोटात ते पचून अमिनो आम्लं आणि दोन-तीन कड्यांचे तुकडे होतात, आणि पुढे गुडघ्याच्या ज्या सांगाड्यात वीट-चुन्याचं बांधकाम सतराव्या-अठराव्या वर्षी थांबलं आहे, तिथे विटांचा ट्रक रिकामा करून काय होणार? काही छोट्या चाचण्यांत दुखणं थोडं कमी झाल्याचं दिसतं, ते असू दे. कूर्चा मात्र अशी भरून येत नाही.

आता निरोप्यांकडे. पॅराथायरॉइड संप्रेरक ८४ अमिनो आम्लांचं. रक्तातलं कॅल्शियम सांभाळणं हे त्याचं मुख्य काम, पण त्याच कुळातला एक रेणू वाढत्या हाडाच्या टोकाशी कूर्चापेशींना अकाली प्रौढ होण्यापासून रोखून धरतो. रक्तद्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये ते असतं साधारण ४० पिकोग्रॅम. पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक. माणसाच्या शरीरात रक्तद्रव पावणेतीन लिटर धरला तर सगळं मिळून एक दशांश मायक्रोग्रॅम. एक ग्रॅम जमवायला एक कोटी माणसं लागतील. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत सगळ्यांच्या रक्तात फिरणारं हे संप्रेरक एकत्र केलं तर जेमतेम एक तोळा भरेल. आणि तरी आजीच्या रक्तद्रवाच्या एका थेंबात त्याचे बारा कोटींहून जास्त रेणू असतात. वजनाने नगण्य, संख्येने अफाट, असा हा प्रकार. रक्तातलं निम्मं चारेक मिनिटांत नाहीसं होतं.

कूर्चेसाठी खरा कामाचा निरोप्या म्हणजे आयजीएफ-१, ७० अमिनो आम्लांचा. कूर्चापेशीला नवा माल विणायला लावणारा हाच. वयात येताना त्याची पातळी शिखरावर असते आणि म्हातारपणी ती त्याच्या निम्म्याहूनही खाली येते. एवढंच असतं तर सुई टोचून भर घालता आली असती. पण रिचर्ड लोझर आणि इतरांनी म्हाताऱ्या माकडांच्या आणि माणसांच्या कूर्चापेशी घेऊन पाहिलं, तेव्हा लक्षात आलं की आयजीएफ भरपूर दिलं तरी त्या तरुण पेशींइतका प्रतिसाद देत नाहीत. निरोप दारापर्यंत येतो. आतलं माणूस बहिरं झालेलं असतं.

पेशीचं हे म्हातारपण वेगळ्या जातीचं आहे. १९६१ मध्ये लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवलं की काचेच्या भांड्यात वाढवलेल्या माणसाच्या पेशी पन्नासेक वेळा दुप्पट झाल्या की थांबतात. पन्नास दुपटी म्हणजे एका पेशीच्या ११ कोटी कोटी पेशी: अकराच्या पुढे चौदा शून्यं. कूर्चापेशीला ही मर्यादा गाठण्याची वेळच येत नाही, कारण प्रौढपणी ती विभागतच नाही म्हटलं तरी चालेल. ती म्हातारी होते ती बसल्या जागी. मायटोकाँड्रिया थकतात, जहाल ऑक्सिजन संयुगांनी डीएनएला इजा होते, पी-१६ नावाचं प्रथिन ब्रेक लावतं. साखरेचे अंश कोलॅजेनला चिकटून साठत जातात. तरुण माणसाची शुभ्र कूर्चा म्हातारपणी पिवळसर-तपकिरी होते, ती त्यामुळेच. मरायचं सोडून ही जरठ पेशी तिथेच बसते आणि दाह वाढवणारी रसायनं व कोलॅजेन कापणारी विकरं सोडत राहते. समजा, २० कोटींपैकी एकच टक्का पेशी अशा झाल्या, तर त्या होतात वीस लाख. एमएमपी-१३ हे विकर कोलॅजेनच्या त्या तीनपदरी दोराला ठरावीक जागी कापतं, तीन चतुर्थांश इकडे, एक चतुर्थांश तिकडे, आणि पुढच्या दोराकडे वळतं. कापणारा एक रेणू पुन्हा पुन्हा कामाला येतो. विणणारा हात मात्र आता चालत नाही.

चरबीसुद्धा यात बोलते. लेप्टिन हे १४६ अमिनो आम्लांचं संप्रेरक चरबीच्या पेशींतून सुटतं आणि सांध्यातल्या द्रवातही सापडतं. प्रयोगशाळेत ते कूर्चेच्या पेशींना दाहाकडे आणि जरठपणाकडे ढकलतं. लठ्ठ माणसांना हाताच्या बोटांचा संधिवातही जास्त होतो, आणि बोटांवर कुणी चालत नाही. तेव्हा प्रश्न नुसत्या वजनाचा नाही, हे मान्य करायला हवं.

मग औषधं? उंदरांमध्ये कामगिरी झकास आहे. २०११ मध्ये अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठाच्या गटाने गुडघ्याला इजा केलेल्या उंदरांना पॅराथायरॉइड संप्रेरकाचा ३४ अमिनो आम्लांचा तुकडा, टेरिपॅराटाइड, टोचला आणि कूर्चेतली पाणी धरून ठेवणारी द्रव्यं जवळपास एक तृतीयांशाने वाढली. २०१७ मध्ये जेनिफर एलिसेफ यांच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या गटाने उंदरांच्या गुडघ्यातल्या जरठ पेशी औषधाने मारून टाकल्या आणि झीज मंदावली. ते औषध, यूबीएक्स-०१०१, पुढे १८३ रुग्णांवर वापरून पाहिलं गेलं. ऑगस्ट २०२० मध्ये निकाल आला: बारा आठवड्यांनी दुखण्यात नुसत्या पाण्याच्या सुईपेक्षा काही फरक नाही.

उंदीर ते माणूस ही उडी किती लांबची आहे, याचा हिशोब सोपा आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. उंदराच्या गुडघ्यातली कूर्चा ०.१ मिलिमीटरहून पातळ. माणसाची दोन मिलिमीटर धरली तरी वीसपट जाड. पाझरत जाणाऱ्या रेणूला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वीस गुणिले वीस: चारशेपट. उंदरात जो रेणू पाच मिनिटांत तळाला पोचेल त्याला माणसात तेहेतीस तास लागतील. चार मिनिटांत निम्मा होणाऱ्या संप्रेरकाला हे कसं परवडायचं?

माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांत दोन लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एक कॅल्सिटोनिनची. ३२ अमिनो आम्लांचं हे संप्रेरक. सामन माशातलं माणसातल्यापेक्षा जास्त जोरकस, म्हणून माशाचंच वापरलं, गोळीच्या रूपात. दोन चाचण्या, मिळून २,२०६ रुग्ण, दोन वर्षं. सांध्यातल्या फटीची रुंदी टिकली नाही, आणि २०१५ मध्ये तो अध्याय मिटला. दुसरी स्प्रिफर्मिनची. हे संप्रेरक नव्हे, वाढघटक. पण तेही अमिनो आम्लांचीच माळ आणि थेट गुडघ्यात टोचायचं, म्हणजे वाटेतला बराच प्रवास वाचतो. ५४९ रुग्णांत दोन वर्षांनी सर्वांत मोठ्या मात्रेच्या गटात कूर्चा ०.०३ मिलिमीटरने जाड झाली, नुसती सुई घेतलेल्यांत ०.०२ ने पातळ झाली. फरक ०.०५ मिलिमीटर, कागदाच्या पानाच्या निम्मा. तरीही हे यशच, कारण माणसाची कूर्चा जाड झाल्याचं नियंत्रित चाचणीत दिसणं ही विरळा गोष्ट. पण दुखणं कमी झालं नाही. गुडघ्याला वाढलेली कूर्चा कळली, आजीला कळली नसती.

शेवटी ज्या पेप्टाइडने वेदना खरोखर उतरवली ते कूर्चेकडे न वळता पोटाच्या वाटेने गेलं. सेमाग्लुटाइड हा जीएलपी-१ चाच सुधारलेला भाऊ. मूळ रेणू दोन मिनिटांत निम्मा होतो, हा आठवड्याने. पाच हजार पट टिकाऊ! २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अकरा देशांतले ४०७ जण होते, लठ्ठ आणि गुडघेदुखीने बेजार. ६८ आठवड्यांत औषध घेतलेल्यांचं वजन सरासरी १३.७ टक्क्यांनी घटलं आणि शंभराच्या मोजपट्टीवर वेदना ४२ अंशांनी उतरली. नुसती सुई घेतलेल्यांत उतरली २७-२८ अंशांनी. या दुसऱ्या आकड्याकडेही पाहा. औषध न देताही गुडघेदुखी एवढी कमी होते, म्हणूनच कुणाच्या अनुभवावरून गुडघ्याचं औषध पारखता येत नाही.

वजन आणि गुडघा यांचं त्रैराशिक स्टीफन मेसियर यांनी २००५ मध्ये मांडलं: एक किलो वजन घटलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी घटतो. तीन हजार पावलांना बारा टन, रोज. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या अभ्यासात आधीच्या दहा वर्षांत पाचेक किलो वजन उतरलेल्या बायकांमध्ये गुडघ्याच्या संधिवाताचा धोका निम्मा झाल्याचं दिसलं होतं, तेही कुठल्याही सुईविना.

पण आमच्या आजीचं काय? त्या ४०७ जणांचा सरासरी बीएमआय ४० होता. दीड मीटर उंचीच्या बाईचा बीएमआय ४० व्हायला तिचं वजन नव्वद किलो लागतं. आजी आहे ४८ किलोंची. तिचं आणखी वजन उतरवायचं म्हणजे तिला उपाशी ठेवायचं. अंगावर चरबी नसताना तिचे गुडघे गेले, यात नवल नाही. बीजिंगमधल्या म्हाताऱ्या बायका फ्रॅमिंगहॅमच्या बायकांपेक्षा कितीतरी सडपातळ, तरी एक्स-रेमध्ये गुडघ्याची झीज बीजिंगमध्ये दीडपटीच्या आसपास निघाली. पुढच्या अभ्यासात तरुणपणी रोज तासन् तास उकिडवं बसण्याशी तिचा संबंध सापडला.

ग्रामीण महाराष्ट्राची मोजदाद दारोदार फिरून झालेली आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणमध्ये १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ पद्धतीने ४,०९२ प्रौढांना विचारलं, तपासलं. ७४६ जणांची हाडा-सांध्यांची तक्रार होती. झिजेचा संधिवात निघाला ५.८ टक्क्यांत, म्हणजे सतरा प्रौढांमागे एकाला. देशाचा अंदाज १९९० मध्ये २ कोटी ३४ लाख रुग्णांचा होता, २०१९ मध्ये ६ कोटी २३ लाखांचा. जगात २०२० मध्ये साडेएकोणसाठ कोटी. देशाचंच प्रमाण २०११ च्या ३३ लाख ६१ हजारांच्या नांदेड जिल्ह्याला लावलं तर ढोबळमानाने दीड लाख माणसं होतात. गुडघा बदलायचा तर २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कोबाल्ट-क्रोमियमच्या कृत्रिम सांध्याची किंमत दीड लाखावरून ५४,७२० रुपयांवर आणली. शस्त्रक्रिया, खाट आणि कर वेगळा.

नायगावच्या शिवारात वेचणीच्या दिवसांत डोक्यावर वीस किलोंचं कापसाचं गाठोडं असतं. २.६ ने गुणलं की प्रत्येक पावलाला ५२ किलो जास्त. बांधापासून गाडीरस्त्यापर्यंत अर्धा किलोमीटर म्हणजे एका गुडघ्याची चारशेहून जास्त पावलं, एकवीस टनांच्या वर. एका खेपेला. हे गाठोडं बैलगाडीत पडलं तर एका खेपेत आजीच्या गुडघ्यावरचा जितका भार वाचतो, तितका वजन एका किलोने घटवून वाचवायला पावणेदोन दिवस चालावं लागेल. पाणंद रस्त्यांच्या फायली तहसिलीत असतात, आरोग्य खात्यात नाही.